चार फोटोंचा कागद

वेंडेल प्रोकॉपचं सगळं आयुष्य अडतीस शब्दांत बसलं. शब्द त्याने स्वतः मोजले होते, कारण कागद तयार करायचं काम नेहमीप्रमाणे त्याच्याकडेच आलं होतं.

फर्मची पद्धत ठरलेली होती. पेटंटचं प्रकरण खाली हरलं आणि अपिलात जायचं ठरलं, की अशिलाकडे एक कागद पाठवायचा. त्यावर चार वकिलांचे फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली त्या वकिलाची पार्श्वभूमी. कुठल्या विद्यापीठात शिकला, कुठल्या न्यायमूर्तींच्या हाताखाली होता, किती अपिलं लढवली. किती जिंकली ते लिहायची पद्धत नव्हती. अशिलाने कागद वाचायचा आणि न्यायमूर्तींसमोर कोणी उभं राहायचं ते सांगायचं. वॉशिंग्टनमध्ये पेटंटचं काम करणारी प्रत्येक फर्म असा कागद काढते, आणि त्या कागदावरची आपली जागा प्रत्येक वकिलाला पाठ असते.

प्रोकॉपची जागा चौथी होती. खाली, उजव्या कोपऱ्यात.

त्याच्या पहिल्या मसुद्यात शब्द बरेच जास्त होते. पेनसिल्व्हेनियात वडिलांचा बारा गाईंचा गोठा होता, शाळेत जायच्या आधी तो चार गाईंच्या धारा काढायचा, हे त्याने लिहिलं होतं. पुढे यंत्र अभियंता झाला, सरकारी पेटंट कार्यालयात नऊ वर्षं तपासनीस होता, आणि ती नोकरी करता करताच संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कायद्याची पदवी घेतली, हेही होतं. प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या ब्रिएलने त्यावर लाल रेघा मारल्या.

"वेंडेल, गोड आहे रे हे, पण गाई?"

"प्रकरण गाईंचंच आहे, ब्रिएल."

"प्रकरण पेटंटचं आहे. आणि संध्याकाळचे वर्ग कशाला सांगायचे? पदवी आहे ना? मग नुसती पदवी लिही."

त्याने नुसती पदवी लिहिली.

सगळ्यात वर डावीकडे ग्रेडन व्हिटकॉमचा फोटो होता. वय एक्केचाळीस. त्याच्या कॉलेजचं नाव घेतलं की पुढे काही बोलावं लागत नाही, आणि कायद्याच्या शाळेचं नाव घेतलं की समोरचा खुर्चीत नीट बसतो. ज्या न्यायालयात अपील चालायचं त्याच न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींच्या दालनात त्याने दोन वर्षं सहायक म्हणून काढली होती. लढवलेली अपिलं एकतीस. व्हिटकॉमचा मजकूर एकशे सत्तर शब्दांचा होता आणि प्रोकॉपला तो एकशे वीसवर आणायचा होता. कापताना त्याला एकही शब्द फालतू सापडला नाही. हेच त्याला जास्त लागलं.

अशील होता विस्कॉन्सिनचा आर्न लिंडक्विस्ट. वय अठ्ठ्याहत्तर. त्याचा लहानसा कारखाना होता, दूध काढायच्या यंत्राचे पेले बनवायचा. हे पेले गाईच्या सडांना लावतात आणि यंत्र दूध ओढून घेतं. गाईने लाथ मारली की पेला खाली पडतो आणि जमिनीवरचं शेण, पेंढा, जे असेल ते ओढायला लागतो. लिंडक्विस्टने पेल्यात एक पोलादी गोळी बसवली होती. पेला सरळ असला की गोळी बाजूला पडून राहायची. पेला पडून उलटा झाला की गोळी घरंगळून वाट बंद करायची. बस्स, एवढंच. हे सुचायला त्याला गोठ्यात सात वर्षं लागली होती.

बारा वर्षांपूर्वी त्याचं पेटंट प्रोकॉपनेच लिहिलं होतं. त्यासाठी तो विस्कॉन्सिनला जाऊन चार दिवस राहिला होता. पहिल्या दिवशी लिंडक्विस्टने त्याला गोठ्यात नेलं आणि मुद्दाम सगळ्यात खोडकर गाय पुढ्यात दिली. प्रोकॉपने कोट काढून खुंटीला अडकवला, गाईच्या पोटाला डोकं टेकवलं आणि हाताने धार काढून दाखवली. म्हातारा खूप वेळ हसत होता.

"वकील म्हणून पाठवलंय तुला, की गडी म्हणून?"

"जे लागेल ते, मिस्टर लिंडक्विस्ट."

नंतर एका बड्या कंपनीने तोच पेला बनवायला सुरुवात केली. हरकत घेतली तेव्हा त्या कंपनीने उलट पेटंटच रद्द करून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की एका जुन्या जर्मन पेल्यात स्प्रिंगची झडप होतीच, स्प्रिंगच्या जागी गोळी टाकणं कुणालाही सुचलं असतं. पेटंट कार्यालयाच्या मंडळाने ते मानलं. आता उरलं होतं फक्त अपील. ते हरलं की गोळीचा पेला कुणीही बनवावा, लिंडक्विस्टचा त्यावर काही हक्क नाही.

आणि प्रोकॉपसाठी ही शेवटची संधी होती. चोवीस वर्षांत त्याने अकरा अपिलांचे मसुदे लिहिले होते, अकराही वेळा न्यायालयात वकिलांच्या टेबलाशी दुसऱ्या खुर्चीत बसला होता, आणि एकदाही उभा राहिला नव्हता. दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाने बोलायचं नसतं. फर्मची मुख्य भागीदार मार्गो डेलाफील्ड हिने त्याला मागे कधीतरी सांगितलं होतं, "लिंडक्विस्टचं प्रकरण वर गेलंच, तर तू उभा राहा, वेंडेल. तुझंच आहे ते." जूनमध्ये तो निवृत्त होणार होता. अपिलाची तारीख मार्चमध्ये लागली.

तरीही कागद गेला. "नुसता उपचार रे," मार्गो म्हणाली. "सगळ्यांना पाठवतो तसा. म्हातारा तुलाच निवडणार."

लिंडक्विस्टचा फोन पाच दिवसांनी आला. मार्गोच्या खोलीत आवाज मोठा करून लावला होता. व्हिटकॉम खिडकीपाशी उभा होता, प्रोकॉप दाराजवळ.

"वाचला मी कागद," लिंडक्विस्ट म्हणाला. "दोनदा वाचला. तो पहिला फोटो आहे, तो पोरगा खरंच त्या न्यायमूर्तींकडे कामाला होता?"

"दोन वर्षं," मार्गो म्हणाली.

"म्हणजे ते त्याला ओळखतात."

"न्यायालयात ओळखीचा प्रश्न नसतो, मिस्टर लिंडक्विस्ट. पण त्याला त्यांची विचार करायची पद्धत माहीत आहे."

"मग तोच राहू दे उभा." मग त्याचा आवाज खाली आला. "वेंडेल आहे का तिथे?"

"आहे, मिस्टर लिंडक्विस्ट."

"राग मानू नकोस. तू माझ्यासारखा आहेस. म्हणूनच. तिथे त्यांच्यासारखा माणूस हवा."

"बरोबर आहे तुमचं," प्रोकॉप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी परतताना बायकोने, डार्लीनने विचारलं, "मग? तू का तो?"

"तो."

"कागद कुणी लिहिला होता?"

"मी."

"धन्य आहेस," डार्लीन म्हणाली. "स्वतःच प्रगतिपुस्तक भरलंस आणि स्वतःलाच नापास केलंस." तिने अंडी त्याच्या ताटलीत वाढली, आणि मग थोड्या मऊ आवाजात म्हणाली, "गाईंचं लिहिलं होतंस का त्यात?"

"खोडलं."

प्रोकॉपने मग त्याला जे येत होतं ते केलं. व्हिटकॉमसाठी एक जाडजूड फाइल तयार केली. न्यायमूर्ती विचारू शकतील असे बावीस प्रश्न, प्रत्येकाला वेगळी खूणचिठ्ठी, आणि खाली उत्तर.

अपिलाआधी फर्ममध्ये तालीम होते. तीन वकील न्यायमूर्ती होऊन बसतात आणि उभ्या राहणाऱ्याला प्रश्नांनी भंडावून सोडतात. प्रोकॉप त्या तिघांत होता. त्याने चौदावा प्रश्न विचारला.

"समजा, तुमच्या अशिलाच्या पेल्यात गोळीऐवजी ती जुनी स्प्रिंग बसवली. पेला तेच काम करेल ना?"

व्हिटकॉम क्षणभरही थांबला नाही. "हो, न्यायमूर्ती महोदय, पण स्प्रिंगच्या जागी गोळी बसवायचं कुणालाही सुचायला काहीच कारण नव्हतं."

"उत्तर 'नाही' आहे," प्रोकॉप म्हणाला.

"काय?"

"पेला काम करणार नाही. स्प्रिंगची झडप दुधाचा जोर कमी झाला की मिटते. दूध संपत आलं की गाईची धार बारीक होते. स्प्रिंगला वाटतं पेला पडला, आणि ती मिटते. शेवटचं दूध कासेत राहतं. कास सुजते. म्हणून तर जर्मन पेला कुणी विकत घेतला नाही. गोळीला दुधाशी देणंघेणं नाही, ती फक्त पेला सरळ की उलटा एवढंच बघते. हाच तर सगळा शोध आहे, ग्रेडन."

व्हिटकॉम हसला. हसणं वाईट नव्हतं, थकलेल्या मास्तरासारखं होतं. "वेंडेल, दोन वर्षं मी त्या इमारतीत होतो. न्यायमूर्ती गाईंचं विचारत नाहीत. ते विचारतात, मंडळाच्या निष्कर्षात आम्ही हात का घालावा. तू अजून तपासनीसच राहिलास बघ."

खोलीत दोघंतिघं हसले. प्रोकॉपही हसला.

"चौदावी चिठ्ठी," तो म्हणाला. "लिहून ठेवलंय."

"वाचतो," व्हिटकॉम म्हणाला.

या लोकांची एक शिस्त असते, आणि ती तालमीत घोटून घेतात. न्यायमूर्तींनी प्रश्न विचारला की आधी 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, स्पष्टीकरण नंतर. आडवळणाने बोललं की न्यायमूर्ती चिडतात. शिस्त चांगलीच आहे. उत्तर माहीत असलं, तर.

त्या न्यायालयात तीन न्यायमूर्ती कोण बसणार हे त्याच दिवशी सकाळी कळतं. व्हिटकॉमने दारापाशी लावलेली यादी वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. तिघांपैकी एकजण त्याच्या जुन्या साहेबांचे जवळचे स्नेही होते. लिंडक्विस्ट विस्कॉन्सिनहून आला होता, लग्नातला असावा असा तपकिरी सूट घालून. तो मागच्या बाकावर बसला. प्रोकॉपने फाइल टेबलावर ठेवली आणि व्हिटकॉमकडे सरकवली.

"नको," व्हिटकॉम हळूच म्हणाला. "मी कागदाशिवाय जातो." अपिलाच्या नामांकित वकिलांत हे मानाचं समजतात, हातात काही न घेता उभं राहणं. फाइल प्रोकॉपच्या पुढ्यातच राहिली.

वेळ सुरू झाल्याचा हिरवा दिवा लागला. पंधरा मिनिटं, त्यातली तीन शेवटच्या उत्तरासाठी राखलेली. व्हिटकॉम छान बोलत होता. आवाज खालचा, वाक्यं पूर्ण. पाच मिनिटं मंडळाच्या निष्कर्षावर गेली, जसं त्याने सांगितलं होतं तसंच. मग कडेला बसलेल्या न्यायमूर्तींनी चष्मा काढला. त्या आतापर्यंत काही बोलल्या नव्हत्या.

"मला यंत्रातलं फारसं कळत नाही, म्हणून साधं विचारते. तुमच्या अशिलाच्या पेल्यात गोळी काढून जुनी स्प्रिंग घातली, तर तो तेच काम करेल का?"

प्रोकॉपचा हात फाइलीवर होता. चौदावी चिठ्ठी त्याच्या बोटाखाली होती.

"हो, न्यायमूर्ती महोदया," व्हिटकॉम म्हणाला, "पण..."

"म्हणजे दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात."

"एका अर्थी हो, परंतु..."

"आभारी आहे," त्या म्हणाल्या, आणि काहीतरी लिहून घेतलं. ते एक वाक्य असावं. लिहायला फार वेळ लागला नाही.

मागे बाक करकरला. प्रोकॉपने मान वळवली नाही. व्हिटकॉम आणि तो यांच्यात चार पावलांचं अंतर होतं. उठून एक चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवता आली असती. नियमात बसतं ते. क्वचित कुणी करतंही. पण आपल्या वकिलाला चिठ्ठी पोचवणं म्हणजे तो चुकला असं तीन न्यायमूर्तींसमोर सांगणं, आणि फर्ममध्ये ते कुणी केलेलं प्रोकॉपला आठवत नव्हतं. अकरा अपिलं बसून काढल्यावर बाराव्यात पाय उठले नाहीत.

समोरच्या कंपनीचा वकील बोलायला उभा राहिला तेव्हा व्हिटकॉम टेबलाशी परत आला. त्या वकिलाचं पहिलंच वाक्य होतं, "अपीलकर्त्यांनी आता मान्य केल्याप्रमाणे." प्रोकॉपने पिवळ्या कागदावर लिहिलं, 'उत्तर नाही. स्प्रिंग दुधावर चालते, गोळी पेल्यावर. तीन मिनिटं आहेत. दुरुस्त कर.' आणि कागद सरकवला.

व्हिटकॉमने वाचला. पेन काढलं. खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'आता मागे घेतलं तर माझ्या शब्दाला इथे किंमत राहणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा याच न्यायालयात उभा राहायचंय.'

मग उरलेल्या तीन मिनिटांत तो उठला आणि मंडळाच्या निष्कर्षांवर आणखी एकदा फार सुंदर बोलला. पिवळा कागद प्रोकॉपने घडी करून खिशात ठेवला.

निकाल पाचव्या दिवशी आला. कारणं द्यावीशी वाटली नाहीत की ते न्यायालय एका शब्दात निकाल देतं: कायम. म्हणजे खालचा निर्णय कायम. तीन न्यायमूर्तींची नावं, आणि तो एक शब्द.

अशिलाला कळवायचं पत्र प्रोकॉपने लिहिलं. त्यात एक परिच्छेद असा होता, की युक्तिवादाच्या वेळी एका तांत्रिक प्रश्नाला दिलेलं उत्तर प्रतिकूल ठरलं असावं. मार्गोने तो परिच्छेद पेन्सिलीने हलकेच कंसात टाकला.

"न्यायालयाने कारण दिलंय का, वेंडेल?"

"नाही."

"मग आपण कशाला द्यायचं? कुणाला माहीत काय झालं ते. ते पत्र उद्या दुसऱ्या कुठल्या वकिलाच्या हातात पडलं आणि त्याने आपल्यावरच दावा लावला तर? जूनमध्ये तू मासे पकडायला जाशील, आम्हाला इथेच राहायचंय."

"उत्तर चुकीचं होतं, मार्गो."

"शक्य आहे. पेटंटचा मसुदाही कमकुवत असू शकतो. त्यात स्प्रिंग चालणार नाही असं स्पष्ट कुठे लिहिलंय? तो मसुदा कुणाचा?" तिने चष्म्यावरून बघितलं. ओरडून नाही, अगदी शांतपणे. "या सगळ्यात शिरायचंय का आपल्याला?"

प्रोकॉपने परिच्छेद काढला. पत्रावर सही त्याचीच गेली.

पुढच्या आठवड्यात लिंडक्विस्टचा फोन थेट त्याच्या टेबलावर आला.

"पत्र मिळालं," म्हातारा म्हणाला. "न्यायमूर्तींनी कारण दिलं नाही म्हणतोस."

"नाही दिलं, मिस्टर लिंडक्विस्ट. ती त्यांची पद्धत आहे."

"म्हणजे आपण का हरलो, ते तुलाही माहीत नाही?"

प्रोकॉपच्या कोटाच्या आतल्या खिशात तो पिवळा कागद होता. पंधरा दिवस तो तिथेच होता. दार उघडं होतं आणि बाहेर ब्रिएल कुणाशी तरी बोलत होती.

"खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही," तो म्हणाला.

मग लिंडक्विस्ट बोलला, अगदी रोजच्या आवाजात.

"मी मागे बसलो होतो, वेंडेल. त्या बाईने स्प्रिंगचं विचारलं आणि तो पोरगा हो म्हणाला, तेव्हा मी अर्धा उठलो होतो. म्हटलं ओरडून सांगावं. बाहेर काढलं असतं तर काढलं असतं. मग तुझ्याकडे बघितलं. तू बसला होतास, अगदी स्वस्थ. म्हटलं, वेंडेलला गाय माहीत आहे. तो बसलाय म्हणजे कायद्यात हेच उत्तर बरोबर असणार. म्हणून मी बसलो."

"मिस्टर लिंडक्विस्ट, माझं ऐका..."

"आता सांग ना. बरोबर होतं ते उत्तर?"

प्रोकॉपने दाराकडे बघितलं.

"नव्हतं," तो म्हणाला.

"हं," लिंडक्विस्ट म्हणाला. "हे एवढंच तिथे बोलायचं होतं." आणि त्याने फोन ठेवला.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी फर्मने केक कापला. व्हिटकॉमने भाषण केलं, छोटं आणि नेमकं. वेंडेलसारखा तयारी करणारा माणूस मी पाहिला नाही, असं म्हणाला, आणि त्याला ते मनापासूनच वाटत होतं. डार्लीन कोपऱ्यात ताटली धरून उभी होती. तिने केक खाल्ला नाही.

सगळे पांगल्यावर ब्रिएल त्याच्या टेबलाशी आली. सोमवारी एका नव्या अशिलाला कागद पाठवायचा होता. फायली कुठे आहेत ते तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही, जाता जाता एवढं करशील का, म्हणाली.

त्याने कागद उघडला. खालच्या उजव्या कोपऱ्यातला स्वतःचा फोटो काढला, अडतीस शब्द पुसले, आणि मोकळ्या जागेत उरलेले तीन फोटो नीट एका रांगेत बसवले. मग वर डावीकडे गेला. लढवलेली अपिलं एकतीस, असं लिहिलं होतं. त्याने तिथे बत्तीस केलं, पुन्हा एकदा तपासून पाहिलं, आणि कागद ब्रिएलला पाठवून दिला.